उशिरा ओतलेलं सत्त्व

माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला माझी सासू माझ्याच टेम्पोतून कोर्टात आली. दुसरी सोय नव्हती. नवरा किह्वान म्हणाला, दुकान बंद ठेवून कसं चालेल, तुम्ही दोघी जाऊन या. घरात असा काही प्रसंग उभा राहिला की त्याला दुकानाचा भारी कळवळा येतो. मी पुढच्या सीटवर ठेवलेल्या रिकाम्या पेट्या उतरवल्या, सीट पुसली आणि सासूबाईंना हात देऊन वर चढवलं. त्यांनी राखाडी कोट घातला होता, लग्नाकार्याला घालतात तो. समन्स राजधानीतल्या, सोलच्या एका कंपनीच्या वकिलांनी काढायला लावलेलं होतं, म्हणजे आज त्या तिकडच्या साक्षीदार होत्या.

वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली, तिथे कॉफी मिळते का. मी म्हटलं, मशीन आहे. मग कोर्ट येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि मी दात आवळून गाडी चालवत राहिले.

आमचा धंदा मुकचा. डोंगरातल्या ओकच्या बिया वाळवायच्या, सोलायच्या, तुरटपणा उतरेपर्यंत पाणी बदलत भिजवायच्या, दळायच्या, गाळायच्या. तळाशी जे सत्त्व बसतं ते पाण्यात कालवून काहिलीत घोटत राहायचं. चकाकी आली की झाकण ठेवून वाफ जिरू द्यायची आणि साच्यात ओतायचं. निवलं की तपकिरी, थरथरती लादी तयार. कापून वर सोया सॉस, तिखट, पातीचा कांदा घातला की झालं. देजॉन शहराच्या उत्तरेला आमची अख्खी आळी यावर जगते. मुकचं दुखणं एकच, त्याला थंडी सोसत नाही. रात्री फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी कडक होतो, जेवायच्या काड्यांनी उचलला की मधोमध तुटतो. म्हणून मुक खायचा तर आळीत यायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

मी लग्न होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एकदा घोटताना वाडगाभर सत्त्व बाजूला राहून गेलं. चुलीच्या कडेला राहून ते कोमट झालं, कडेकडेने धरू लागलं. फेकायचं जिवावर आलं, म्हणून काहील चकाकल्यावर अगदी शेवटी ते आत ओतलं, दोन हात फिरवले आणि झाकण ठेवलं. तो मुक दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढला तर काडीवर वाकून लोंबत होता, तुटत नव्हता. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून तो वर-खाली हलवून बघत होते. एवढी हरखले होते की कुणाला सांगायचंही सुचलं नाही.

पुढे मोजमाप बसवायला, किती कोमट करायचं आणि कधी ओतायचं हे कळायला फार दिवस गेले. ते बसलं तेव्हा लेक शाळेतल्या बाईंकडून ऐकून आली आणि म्हणाली, आई, याचं पेटंट घे. घेतलं. जू मिरान, शोधक, असं छापलेला कागद आला तो मी दुकानात लावला नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवला. माझ्या नावावर जगात तेवढंच आहे. घर नवऱ्याच्या नावावर, दुकान सासूबाईंच्या, लेकीला आडनाव नवऱ्याच्या घराण्याचं. मला त्यात तक्रार करायची नाही, आमच्याकडे असंच असतं. पण तो एक कागद माझा होता. सोलच्या कंपनीने माझ्याच पद्धतीने मुक करून गारेगार डब्यांत घालून विकायला सुरुवात केली, मी नोटीस पाठवली, तर त्यांनी उलट माझा कागदच रद्द करायला अर्ज केला. म्हणे यात शोध कसला, मुक करणाऱ्या कुठल्याही साध्या बाईला हे सहज सुचलं असतं.

हे सिद्ध करायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. त्यांना माझी सासू सापडली.

झालं असं होतं की पेटंटचा अर्ज दिल्यानंतर कधीतरी टीव्हीवाले आळीत आले. आमच्या दुकानात बसून कार्यक्रम सादर करणाऱ्या हसऱ्या पोराने मुक तोंडात घातला, डोळे मिटले, आणि सासूबाईंना विचारलं, आजी, हा तुटत कसा नाही. सासूबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, त्यात काय विशेष, थोडं सत्त्व मागे ठेवून शेवटी घालायचं. पूर्वीपासून आमच्या सगळ्याच बायका असं करतात. त्या पोराने माझ्याकडे बोट करून म्हटलं, सूनबाई हुशार दिसतात. त्यावर त्या म्हणाल्या, छे, हिला कुठलं काय येतंय. मी मागे ट्रे घेऊन उभी होते. वाकून हसलेसुद्धा.

आता यात त्यांनी कुठे जगावेगळं काही केलं? आपल्या माणसाचं कौतुक पाहुण्यापुढे करायचं नसतं. पोरगा वर्गात पहिला आला तर म्हणायचं, नशीब, पास झाला. बारा ताटल्यांचं जेवण मांडायचं आणि म्हणायचं, खायला काहीच नाही, तरी दोन घास घ्या. समोरच्यालाही ठाऊक असतं की हे बोलायचं म्हणून बोललेलं आहे. पण पेटंटचं प्रकरण ऐकणाऱ्या मंडळापुढे कंपनीच्या वकिलांनी ती फीत लावली, आणि मंडळाने ती अक्षरशः खरी धरली. आळीतली सगळ्यात जुनी मुकवाली सांगते की हे पूर्वीपासून सगळ्या करतात, मग विषयच संपला. पेटंट रद्द. आम्ही वरच्या कोर्टात गेलो.

सासूबाई खोटं बोलल्या होत्या हे मला कळत होतं. कारण आळीत तर नेमकं उलटं होतं. घोटून झाल्यावर कच्चं सत्त्व ओतलं की गुठळ्या होतात, कच्चट वास येतो, सगळी काहील वाया जाते. असं करणारीला आमच्याकडे ‘उशिरा हाताची’ म्हणतात, म्हणजे जिला वेळेचं भान नाही, जिच्या हातात काही टिकत नाही अशी. नव्या सुनेला तर हमखास ऐकवतात. माझी वकील मिन, वयाने लहान पण चिवट पोरगी, ती हे ऐकून खुर्चीतून उठलीच. म्हणाली, हेच हवंय. धंद्यातले सगळे जे चूक समजत होते ते तुम्ही मुद्दाम केलंत आणि त्यातून चांगलं निघालं, तर मग ते सहज सुचण्यासारखं कसं? हे सांगणारं कोणीतरी आणा.

मी आळीत दारोदार फिरले. एकीने तरी सांगायला तयार व्हावं? कुणी म्हणे, आमच्या आईला सगळं ठाऊक होतं. कुणी म्हणे, आम्ही कधी तसं म्हणतच नव्हतो. मुकमधलं काही आपल्याला माहीत नव्हतं असं कबूल करणारी बाई आमच्या आळीत अजून जन्मायची आहे. मिनने मग मला विचारलं, तुमच्या स्वतःच्या घरात कुणी विरोध केला होता का, चुकीचं आहे म्हणून अडवलं होतं का. मी नाही म्हटलं.

ते खरं नव्हतं. मी सुरुवातीला फ्रिजमध्ये बाजूला करून ठेवलेल्या लाद्या सकाळी गायब असायच्या. शोधल्यावर मागच्या दारी खरकट्याच्या पिंपात सापडायच्या, भाताच्या आणि कोबीच्या पानांच्या खाली. मी सासूबाईंना विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, बिघडलेला माल दुकानात ठेवायचा नसतो. पुन्हा केला, पुन्हा पिंपात. मग मलाच वाटायला लागलं की माझीच जीभ मला फसवतेय. एवढ्या वर्षांचा हात सांगतोय तर बिघडलेलाच असणार. मी नाद सोडला, तो पुरी दोन वर्षं सोडला. पुढे त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला इस्पितळात होत्या तेव्हा हिंमत करून मी तो मुक गिऱ्हाइकांना वाढला. गिऱ्हाइकांनी ताटल्या पुसून खाल्ला. त्या परत आल्यावर त्यांनी काही म्हटलं नाही. फेकलाही नाही आणि चांगलाही म्हटला नाही.

हे मी मिनला सांगितलं असतं तर तिने कोर्टात काढलं असतं. कोर्टात आळीच्या बायका येणार, वर्तमानपत्रवाले येणार. सुनेने सासूला चारचौघांत उभं करून सांगायचं की हिने माझं केलेलं पिंपात टाकलं. मला राग कमी नव्हता. रात्र-रात्र मी मनातल्या मनात ते भाषण करून दाखवलं होतं. पण तोंडाशी आलं की जीभ वळायची नाही. म्हटलं, जाऊ दे कागद. हा मोठेपणा होता की भित्रेपणा, ते मला सांगता यायचं नाही.

कोर्टात आळीतल्या पाच-सहा जणी आधीच येऊन मागच्या बाकांवर बसल्या होत्या, नटून-थटून, कुणाच्या साखरपुड्याला आल्यासारख्या. सासूबाईंना बघून त्यांनी मान लववली. माझ्याकडे बघायचं की नाही ते त्यांचं ठरत नव्हतं. वर तीन न्यायाधीश. सासूबाईंना साक्षीच्या जागी उभं करून हातात शपथेचं कार्ड दिलं. चष्मा विसरल्या होत्या, तो पर्समध्ये शोधेपर्यंत सगळं कोर्ट थांबलं. मग त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला, की मी काही लपवणार नाही आणि काही वाढवून सांगणार नाही, आणि खोटं निघाल्यास शिक्षा भोगीन. ‘शिक्षा’ या शब्दावर त्या क्षणभर अडल्या. मग खाली बसल्या.

कंपनीचा वकील र्यू उठला. हा माणूस आरडाओरडा करणारा नाही. आमच्या दुकानात येऊन एकदा जेवूनही गेला होता, ताटली रिकामी करून, वाकून नमस्कार करून. त्याने पडद्यावर ती फीत लावली. सासूबाईंचा हसरा चेहरा भिंतभर मोठा झाला. हिला कुठलं काय येतंय, हे वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले.

र्यूने विचारलं, हे तुम्हीच बोललात ना. हो. कुणी सांगितलं होतं असं बोला म्हणून? नाही. टीव्हीवाल्यांशी खोटं बोलायचं काही कारण होतं का? सासूबाई म्हणाल्या, नाही. मिनने वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं. एकेक ‘हो’ आणि एकेक ‘नाही’ बरोबर जागी पडत होतं, आणि प्रत्येकासरशी माझा कागद माझ्या हातातून सुटत चालला होता. मला आतून ओरडावंसं वाटत होतं. मी टेबलाची कड धरून बसले.

इथे तो थांबला असता तर तो जिंकला असता, असं मिन मला नंतर म्हणाली. पण त्याला शेवटचा खिळा ठोकायचा होता. आवाज मऊ करून त्याने विचारलं, “आजी, सूनबाईंना मुक करायला शिकवलं कोणी?”

“मी.”

“अगदी बिया निवडण्यापासून?”

“सगळं मीच. आली तेव्हा तिला घोटणं धरताही येत नव्हतं.”

“मग शेवटी सत्त्व घालायची ही पद्धतसुद्धा मुळात तुमचीच म्हणायची. त्यांनी फक्त स्वतःचं नाव लावलं. बरोबर आहे ना?”

मागच्या बाकावरच्या दोघींनी ताबडतोब माना डोलावल्या. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं की पेटंट जाईल ते जाईल, वर आळीत, वर्तमानपत्रात, सगळीकडे होईल की हे सासूचं, शिम बोक्सुनचं, सुनेने ढापलं. त्या वयाच्या बाईला याहून गोड काय वाढून ठेवायचं? सासूबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. आयुष्यभर घोटून त्यांची बोटं वाकडी झाली आहेत. त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, प्रश्न समजला का.

“समजला,” त्या म्हणाल्या. “नाही.”

“नाही म्हणजे?” र्यूने विचारलं.

“माझी नाही ती.”

“मग तुमच्या सासूबाईंची असेल. आळीची असेल.”

“कुणाची नाही. माझ्या सासूने असं काही पाहिलं असतं तर त्याच घोटण्याने माझी पाठ सोलून काढली असती.” मग त्यांनी पहिल्यांदा र्यूकडे सरळ बघितलं. “वकीलसाहेब, टीव्हीवर बोलले ते पाहुण्यापुढे बोलले. आपल्या सुनेला आपण चांगलं म्हणायचं नसतं, तुमच्याही घरात म्हणत नसतील. पण दुसऱ्याचं उचलून माझं म्हणायचं, असल्या घरची नाही मी.”

र्यू थोडा पांढरा पडला, पण सावरला. “म्हणजे एक तर तेव्हा खोटं बोललात, नाहीतर आता बोलताय.”

“तेव्हा,” सासूबाई म्हणाल्या. “शपथ आज घेतलीय.”

मिनने उठून विचारलं, मुक होत आल्यावर सत्त्व ओतणाऱ्या बाईला तुमच्या आळीत काय म्हणतात. सासूबाईंनी मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथल्या बायकांनी आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. सासूबाईंनी सांगितलं, उशिरा हाताची म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात का, असं मिनने विचारलं, तर म्हणाल्या, शिवी आहे ती, मीही दिलीय, पुष्कळजणींना दिलीय. मागून कुणीतरी घसा खाकरला.

“मग सूनबाईंनी पहिल्यांदा तसा मुक केला तेव्हा तुम्ही त्यांना काही बोललात?”

मिनला पिंपाची गोष्ट ठाऊक नव्हती. तिने सहज विचारलं होतं, मिळालं तर थोडं मिळेल म्हणून. मी खुर्चीच्या टोकाला आले. मनातल्या मनात सासूबाईंना म्हटलं, आई, पुरे, एवढं पुष्कळ झालं.

“बोलले नाही. खरकट्याच्या पिंपात टाकला.”

मिनने माझ्याकडे वळून पाहिलं, हे तुम्ही मला का सांगितलं नाही, अशा नजरेने. सासूबाई पुढे बोलत राहिल्या, कुणी न विचारता. तिने पुन्हा केला, मी पुन्हा टाकला. वर भाताचं खरकटं लोटायचे, दिसू नये म्हणून. मग तिने करायचं सोडलं. माझ्या डोळ्यांसमोर ते पिंप आलं, त्याचं निळं झाकण आलं, आणि मला रडू येईल असं वाटून मी छताकडे बघू लागले.

मिन खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. पण र्यू लगेच उठला. त्याला फेरतपासणीचा हक्क होता, आणि तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने फक्त एक प्रश्न विचारला.

“फेकण्याआधी चाखला होतात?”

मिनचं पेन थांबलं. मलाही तो फास कळला. नाही चाखला म्हटलं तर या बाईला त्या पद्धतीबद्दल काही ठाऊकच नाही, सवयीने फेकला, तिच्या साक्षीला अर्थ काय? चाखला आणि वाईट लागला म्हटलं तर मग पेटंट दिलंत कशाचं? दोन्हीकडून खड्डा. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना फास कळला होता की नाही कोण जाणे. पण त्या एवढ्या म्हाताऱ्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

“चाखला,” त्या म्हणाल्या.

र्यूने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हुशार माणूस होता, पुढे काहीतरी आहे याचा त्याला वास आला असावा. त्याने मान लववली आणि बसायला वळला. तेवढ्यात मधले न्यायाधीश पुढे वाकले.

“कसा होता?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरला. एकदा बाकाकडे बघितलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

“चांगला होता. फ्रिजमधून काढला तरी वाकत होता. माझ्या हाताला तसा कधी आला नाही.” मग म्हणाल्या, “म्हणून फेकला.”

मधल्या न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मिनने टेबलाखालून माझा हात दाबला, आनंदाने दाबला, कारण तिला कळलं होतं की आपण जिंकलो. मला त्यातलं काही जाणवलं नाही. डोक्यात एकच वाजत होतं, दोन वर्षं. दोन वर्षं मी स्वतःला वेडी समजत होते, माझ्या जिभेवरचा विश्वास उडाला होता. आणि ही बाई तो मुक खाऊन, आवडून, वर भात लोटून झाकण लावत होती. संताप, संताप झाला नुसता. त्याच वेळी त्या लाकडी खुर्चीत एवढीशी झालेली, सगळ्या आळीसमोर स्वतःच्या तोंडाला स्वतः काळं फासून बसलेली म्हातारी बघवत नव्हती.

निकाल उन्हाळ्यात लागला. पेटंट कायम राहिलं. निकालात लिहिलं आहे की या धंद्यात आयुष्य घालवलेल्या आणि हा पदार्थ आपल्यापेक्षा चांगला झाल्याचं स्वतः चाखून ओळखलेल्या कारागिरालाही ही पद्धत पुढे न्यावी असं वाटलं नाही, तेव्हा ती सामान्य कारागिराला सहज सुचली असती असं म्हणता येत नाही. मिनने फोनवर ते मला दोनदा वाचून दाखवलं. सोलच्या कंपनीला डबे बाजारातून काढावे लागले. आळीतल्या बायका मात्र त्या दिवसापासून सासूबाईंशी जरा अंतर ठेवून बोलतात. ‘उशिरा हाताची’ हा शब्द आता कुणी उघड वापरत नाही, निदान आमच्या दारात तरी.

पण मला निकालापेक्षा त्या दिवशीची परतीची वाट जास्त आठवते. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी त्यांना हात दिला नाही. त्यांनीही मागितला नाही, कठडा धरून उतरल्या. आळीच्या बायका बसने पुढे निघून गेल्या होत्या. टेम्पोत चढताना मात्र त्यांना चढवेना, तेव्हा मी मागून आधार दिला. नदीचा पूल ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, कॉफी पाणचट होती.

मी गाडी चालवता चालवता विचारलं, “का फेकलात, आई?”

त्या समोरचा ट्रक वळून जाईपर्यंत थांबल्या.

“मी या घरात आले तेव्हा मला कुणी नावानेही हाक मारत नव्हतं. पुढे लोक म्हणायला लागले, बोक्सुनच्या हातचा मुक. तेवढ्यावर माझं आयुष्य गेलं. आणि तू एक दिवस उरलेलं सत्त्व ओतून मोकळी झालीस.”

“एकदा म्हणायचं होतंत. मला एकटीला. स्वयंपाकघरात.”

“तुला एकटीला नसतं म्हणवलं मला,” त्या म्हणाल्या. “म्हणून तिकडे म्हटलं.”

आणि खिडकीकडे तोंड करून त्या रडायला लागल्या, आवाज न करता, कोटाच्या बाहीने नाक पुसत. पुढे सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते ते बरं झालं. मोकळे असते तर मी त्या बाईला मिठी मारली असती की थोबाडीत दिली असती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.